लहान कलागोधडी (नागपूर परिसर)

कलागोधडी : भिंतीवर टांगून पाहण्यासाठी केलेली गोधडी. वरचे कापड, मधला मऊ थर आणि अस्तर एकमेकांवर ठेवून टाक्यांनी सांधले की गोधडी होते. ही घडण कलागोधडीतही तशीच राहते. अंथरुणावरची गोधडी आडवी असते, तिचा भार खाट किंवा जमीन घेते. कलागोधडी उभी असते, तिचा भार तिच्याच वरच्या काठाने आणि टाक्यांनी पेलायचा असतो. तिच्या करणीतले आणि मांडणीतले बहुतेक बारकावे या एका फरकातून आले आहेत. कापडकाम करणारे कलाकार तिला ‘आर्ट क्विल्ट’ किंवा नुसते ‘क्विल्ट’ म्हणतात, घरची माणसे गोधडीच म्हणतात.

‘लहान’ म्हणजे किती, याचे एकच माप नाही. साधारण आठ इंचांपासून दोन फुटांपर्यंतची बाजू असलेल्या तुकड्यांना लहान म्हणण्याची रीत आहे. बारा इंची चौकोन सर्वांत रुळलेला. तो मांडीवर मावतो आणि पिशवीत घालून बसमधून नेता येतो. शिवाय आवडला नाही तर महिनाभराचे काम वाया गेले असे होत नाही, म्हणून नवे करून पाहण्याची हिंमत याच मापात येते.

वाकळ आणि दुपटे

विदर्भात गोधडीला वाकळही म्हणतात, वऱ्हाडी बोलीत ‘वाकय’. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे यांचे थर लावायचे, सर्वांत वर चांगले उरलेले लुगडे ताणायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे, अशी तिची रीत. नागपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पण पौषात इथे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि तेव्हा वाकळीची खरी कदर होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) ठिगळांचे वस्त्र अंगावर वागवत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ठिगळाला कमीपणा मानू नये, हे या मुलखाने त्यांच्याकडे पाहून शिकायला हवे होते. ते फार थोडे शिकले.

लहान कलागोधडीची खरी पूर्वज मात्र वाकळ नाही, दुपटे आहे. बाळंतविड्यात कुंची आणि झबल्याबरोबर दुपटे असायचेच. नवे कापड बाळाला टोचते, म्हणून ते आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे करत. माप लहान, त्यामुळे करणारीला हात मोकळा सोडता यायचा. मध्ये एखादे कमळ, कोपऱ्यांत चार पोपट, कडेला दुसऱ्या रंगाचा गोट. मोठ्या वाकळीत टाका थर धरून ठेवण्यापुरता असे. दुपट्यावर तोच टाका चित्र काढू लागला. बाळ मोठे झाले की दुपटे पायपुसणे व्हायचे आणि केलेल्या बाईचे नाव त्याच्यावर कुठेही नसायचे. या नाव नसण्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

भिंतीपर्यंत

गोधडी भिंतीवर लावून चित्रासारखी पाहावी, हा विचार रुजला अमेरिकेत. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या जुन्या घरगुती गोधड्या भिंतींवर टांगल्या. १९७९ मध्ये ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी, पूर्वी दुभत्या गुरांचा गोठा असलेल्या इमारतीत ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झाले. ते भिंतीसाठीच केलेल्या नव्या गोधड्यांचे होते. इव्हॉन पोर्सेला यांनी १९८९ मध्ये ‘स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स’ ही संघटना उभी केली. तिच्या मदतनिधीसाठीच्या लिलावात सभासद बारा इंची चौकोन देतात आणि हे माप जगभर पोचण्यात त्याचा वाटा आहे. २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात लागल्या. कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या त्या गोधड्या पाहिल्या की विदर्भातल्या कोणालाही घरची वाकळ आठवेल.

भारतीय उपखंडात बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कच्छ-सिंधची रल्ली, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दींची कवंदी आणि आपली गोधडी या धाग्याच्या जुन्या परंपरा आहेत. चेन्नईत २०१९ साली भरलेल्या ‘इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल’मुळे त्या आणि नवे काम शेजारी शेजारी पाहता आले.

नागपूरचे कापड

हे शहर कापडाचे आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. मिलच्या आधीपासून हलबा कोष्ट्यांचे हातमाग पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत चालत आले. राज्याच्या हातमाग महामंडळाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचे टसर, आणि त्यावर करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी, हे या भागाचे खास विणकाम. तीन धोटे (आडवा धागा नेणारी मागाची साधने) वापरून काठ आणि अंग यांचे धागे एकमेकांत अडकवल्यामुळे ते दाते उमटतात. जुन्या करवतकाठीचे अंग विरले तरी काठ शाबूत राहतो. असा वीतभर काठ हाती आला, तर कलाकाराने त्याच्यावर आणखी भरतकाम करायला जाऊ नये; त्याची ओळ आधीच पुरी आहे.

नवे सुती कापड गांधीबाग आणि इतवारीत मिळते, कटपीस आणि ब्लाउजपीस सीताबर्डीवर, आणि कतरण मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे. खादीसाठी वर्धा-सेवाग्राम जवळच आहे. मधल्या थरासाठी जुने फ्लॅनेल, विटलेली सुती चादर किंवा गादीवाल्याकडून पिंजून आणलेल्या कापसाचा पातळ थर वापरतात. फायबरची तयार शीट हलकी असते आणि टाका वर फुगवून दाखवते. पण कापूसपट्ट्यात राहून कापूस न वापरणे मनाला पटत नाही, आणि हाताच्या सुईला कापूसच सोपा जातो.

घडण

नवे कापड आधी पाण्यातून काढून खळ घालवायची आणि रंग सुटतो का ते पाहायचे. लाल आणि गडद निळ्यावर कधीही विश्वास ठेवू नये. बारा इंची तुकडा हवा असेल तर कापड तेरा-चौदा इंची घ्यावे, कारण टाके पडत गेले की ते आकसते. जितके दाट टाके तितके जास्त. तुकडे जोडताना पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड, सोडतात. गोल वळणाला उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापलेली, पट्टीच लागते, सरळ पट्टी तिथे सुरकुतते. तिन्ही थर कच्च्या टाक्याने टाचून घेतले, की खरे काम सुरू होते.

त्या कामात मुख्य धावदोरा. सुई वरून खाली जाते, तिन्ही थर भेदते, पुन्हा वर येते. टाका पडतो तिथे कापड दबते आणि दोन ओळींमधली जागा उचलून येते, त्यामुळे नांगरलेल्या शेतासारखी सरी पडते. चित्रकाराची रेघ सपाट असते, गोधडीची रेघ खोल असते. नेहमीच्या वाकळीत एका इंचात चार-पाच टाके असतात. लहान तुकड्यात आठ-दहापर्यंत जावे लागते, कारण पाहणारा फुटभर अंतरावर येऊन उभा राहतो. भरतकामासाठी अँकर छापाच्या सहा पदरी लडीतले दोनच पदर घ्यावेत. मशीनवर करणारे कापड पुढे सरकवणारी दातरी खाली करून कापड हाताने फिरवतात; त्याने रेघ झपाट्याने पडते आणि तिच्यात वेगळाच वेग दिसतो. हाताचे काम श्रेष्ठ आणि मशीनचे कनिष्ठ हा वाद निरर्थक आहे. सैल टाका मात्र दोन्हीकडे सैलच असतो.

एक उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी गल्लीगल्लीतून उठते. हे बारा इंचांत आणायचे आहे. सगळी मिरवणूक त्यात मावत नाही, म्हणून दोन पुतळे आणि त्यांच्या पायाशी गर्दी एवढेच घ्यावे. पिवळ्यासाठी हळद मोहात पाडते, पण हळदीचा रंग उन्हात उडतो. डाळिंबाच्या सालीचा काढा आणि तुरटी यांतून येणारा पिवळा जास्त टिकतो. काळ्यासाठी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचे आणि मग गुळाच्या पाण्यात आठवडे मुरवलेल्या गंजक्या लोखंडाचे पाणी त्यावर द्यायचे. डोळ्यांदेखत कापड राखाडीवरून काळे होत जाते. गर्दीसाठी वेगळे कापड लावू नये. अस्तराच्याच रंगाच्या दोऱ्याने आखूड, तिरपे, एकमेकांवर चढणारे टाके घालावेत. लांबून ते उंचावलेल्या हातांसारखे दिसतात. मारबतीचे डोळे गाठीच्या टाक्याने करावेत. दोन गाठी एका रेषेत नसतील तर तिच्या चेहऱ्यावर जरब येते, अगदी सरळ आल्या तर ती बाहुली होते.

काम झाले की तुकडा वाकडा झालेला असतो, हे धरून चालावे. पाणी शिंपडून तो थर्माकोलच्या पाटावर टाचण्यांनी ताणून बसवायचा आणि वाळू द्यायचा. मे महिन्यात नागपुरात तासाभरात वाळतो, श्रावणात दोन दिवस लागतात. मग सुताराच्या गुण्याने चारही कोपरे काटकोनात तपासून कडा कापायच्या आणि गोट लावायचा. अंथरुणावर कडेची लहर कोणी पाहत नाही. भिंतीवर नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

मांडणी

टांगण्यासाठी पाठीमागे वरच्या कडेला नेफा शिवतात, परकराला असतो तसाच, पण थोडा सैल. त्यातून चपटी लाकडी पट्टी किंवा पडद्याची सळई जाते. नेफा कडेपासून अर्धा इंच खाली असावा, म्हणजे पट्टी वरून डोकावत नाही. पट्टीने सगळ्या रुंदीभर भार वाटून घेतला तर तुकडा वर्षानुवर्षे सरळ राहतो. दोन कोपऱ्यांना खिळे मारले तर महिन्याभरात मध्ये झोळ येतो. फार लहान तुकडे कॅनव्हासच्या चौकटीवर शिवून लावतात. काच शक्यतो नको. काचेमागे गेलेली गोधडी छापील चित्रासारखी दिसते, आणि पावसाळ्यात आत ओल धरते.

उजेड हा मांडणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. समोरून पडणारी ट्यूब टाक्यांची सरी पार पुसून टाकते. एका बाजूने तिरका, मंद उजेड द्यावा, म्हणजे प्रत्येक टाक्याची सावली पडते आणि काम जिवंत होते. जुन्या कापडासाठी संग्रहालये साधारण ५० लक्स (उजेडाचे माप) इतकाच उजेड ठेवतात. नव्या कामाला इतके जपायची गरज नाही, पण खिडकीतले ऊन कोणत्याच कापडावर पडू देऊ नये. मांडणीची उंची तुकड्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत येईल अशी. पाच फुटांच्या आसपास. लहान तुकडे एकाखाली एक दाटीने लावले तर ते नमुन्याच्या वहीसारखे दिसतात. दोन तुकड्यांत निदान एका तुकड्याइतकी मोकळी भिंत हवी.

नागपुरात अशा कामाला जागा आहेत : सिव्हिल लाइन्समधले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, त्याच भागातले चिटणवीस सेंटर, लोकमत भवनातले जवाहरलाल दर्डा कलादालन. सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तकलेचा मेळाही भरतो. पण मेळ्यातला गाळा आणि दालनातली भिंत यांत मोठा फरक आहे. गाळ्यावर माणूस ‘ही केवढ्याला?’ विचारतो आणि डबल बेडच्या चादरीशी तुलना करतो. दालनात तोच माणूस आधी गप्प उभा राहतो. लहान कलागोधडीला पहिली काही वर्षे दालनच मिळावे. किमतीसाठी चौरस इंचाचा दर ठरवून त्यात चौकटीचा खर्च मिळवण्याची पद्धत कलाकारांत आहे. ती घासाघिशीपासून वाचवते.

लोक हात लावतात. लावणारच, गोधडी हातानेच ओळखायची वस्तू आहे. ‘हात लावू नये’ ही पाटी लावण्याबरोबर शेजारी त्याच कापडाचा, त्याच टाक्यांचा एक सुटा तुकडा टेबलावर ठेवावा आणि तो मनसोक्त चाचपू द्यावा. म्हाताऱ्या बाया तो तुकडा उलटा करून पाठ पाहतात, आणि पाठ पाहूनच करणारीची पारख करतात.

म्हणून पाठीवर चिठ्ठी हवी. पांढऱ्या सुती पट्टीवर पक्क्या शाईने कामाचे नाव, करणारीचे पूर्ण नाव, गाव, साल, माप आणि कापडाचा उगम लिहून ती पट्टी बारीक टाक्यांनी शिवावी, चिकटवू नये. लुगडे कोणाचे होते तेही लिहावे. थर रचायला आईने मदत केली असेल तर तिचेही नाव लिहावे. दुपट्यांवर जे कधी लिहिले गेले नाही, त्याची ही जागा आहे.

प्रदर्शन उतरले की तुकडे घडी न घालता, चित्राची बाजू बाहेर ठेवून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात. वर जुने धुतलेले धोतर. प्लॅस्टिक नको, त्यात ओल कोंडते. टसरला कसर लागते, म्हणून कपाटात वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवतात. पाऊस सरून दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली, की एकदा सगळे उलगडून सावलीत वारा द्यायचा आणि नेफ्याची शिवण कुठे उसवली आहे का ते पाहायचे.