डिजिटल गोपनीयता, वैयक्तिक

आपले नंबर, कागदपत्रे, ठावठिकाणा आणि बोलणे यांची माहिती कोणाकडे जावी, हे स्वतः ठरवण्याची आणि हातून गेलेला ताबा थोडा थोडा करून परत मिळवण्याची रीत. सगळे एकदम बदलायला गेले, की बँक, शाळेचा ग्रुप, गॅसचे बुकिंग अशा ठिकाणी काम अडते आणि माणूस कंटाळून जुन्या सवयीवर येतो. म्हणून ही कामे टप्प्याटप्प्यानेच केलेली टिकतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, अशी तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे.

सुरुवात कुठून करावी? जे एकदा बाहेर गेले की बदलता येत नाही, तिथून. पासवर्ड बदलता येतो. बोटांचे ठसे आणि जन्मतारीख बदलत नाहीत. आपल्याकडे एक मोठी गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवली जाते, प्रिंट निघते, पाच-दहा रुपये दिले जातात आणि फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेला असल्याने ओळखीच्या माणसाला सहज उलगडतो. यावर उपाय फुकट आहे: बारापैकी शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून मिळते. तिथेच बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांसारखी शरीराची ओळख, लॉकही करता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसते. हेही एकदा जरूर पाहावे.

पुढचा टप्पा ईमेलचा. बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात, त्यामुळे त्याला वेगळा, लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी हवीच. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मध्ये कोणाला ते वाचता येत नाहीत; बॅकअपसाठी मात्र ते संरक्षण २०२१ मध्ये आले आणि ते सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करावे लागते. हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

ॲपच्या परवानग्या सवडीने, एकेक करून तपासाव्यात. लोकेशन ‘ॲप वापरताना फक्त’ देण्याची सोय अँड्रॉइड १० पासून आहे. कॉन्टॅक्टची परवानगी सर्वांत जपून द्यावी, कारण तिच्यासोबत नातेवाईक, शेजारी, डॉक्टर अशा सगळ्यांचे नंबर त्यांना न विचारता दिले जातात. फोनमधून ॲप काढले म्हणजे खाते मिटत नाही. ते आधी ॲपमध्ये जाऊन मिटवावे आणि मगच ॲप काढावे.