पार्श्वभूमी : वेगळी नक्षी म्हणजे किती वेगळी?

सोलापुरी चादर उलटी टाकली की मागे तीच नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली आणि मोराचे तोंड डावीकडचे उजवीकडे गेलेले. घरात याचे कोणाला काही वाटत नाही. कापडांची नोंद करणाऱ्याला मात्र इथेच ठरवावे लागते, की ही नक्षी एक धरायची की दोन. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आणि त्याच्या पुढचे सगळे मोजणीचे गणित गेल्या सव्वाशे वर्षांत इतिहास आणि संस्कृतीच्या अभ्यासात शिरले. त्यातले बरेचसे वाद आकडेमोडीचे नाहीत. मोजायला बसण्याआधी काय सारखे मानले, यावरून ते पेटलेले आहेत.

आपल्याकडे ही मोजणी संस्कृतीच्या पोटातच होती. छंदशास्त्रात लघु-गुरूंचे प्रस्तार, म्हणजे सगळ्या शक्य मांडण्यांच्या याद्या, होत्या, वैद्यकात सहा रसांचे 63 भेद होते, देवगिरीच्या यादव दरबारातल्या तेराव्या शतकातल्या संगीतग्रंथात सात स्वरांचे 5,040 क्रम होते. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील, असे 1150 च्या 'लीलावती'त विचारले आहे, उत्तर 36,28,800. या काळाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, अभिमानापोटी जरा जास्तच. या गणिताने दुसऱ्याच्या भूतकाळाची तपासणी सुरू झाली ती बऱ्याच नंतर.

दहा कबरी कालक्रमाने लावायच्या तरी शक्य क्रम 36,28,800 च होतात. 1899 मध्ये इजिप्तमधल्या ज्या कबरींचा क्रम लावून प्रसिद्ध झाला त्या नऊशेच्या आसपास होत्या, आणि त्यांवर कसलीही तारीख नव्हती. उत्खनन करणाऱ्याने प्रत्येक कबरीची एक पट्टी केली, तीत सापडलेल्या भांड्यांचे प्रकार तिच्यावर लिहिले आणि पट्ट्या वरखाली सरकवत बसला. एका प्रकारचे भांडे शक्य तितक्या जवळजवळच्या पट्ट्यांवर यावे, एवढाच नियम. 1960 च्या दशकात गणितज्ञांनी त्याला नेमके रूप दिले. कबरीची आडवी ओळ, भांड्याच्या प्रकाराचा उभा स्तंभ, सापडले तिथे 1, नाही तिथे 0. ओळी अशा लावायच्या की प्रत्येक स्तंभातले 1 सलग येतील. पद्धत देखणी आहे, पण मिळालेल्या रांगेचे कोणते टोक जुने हे ती सांगत नाही. ते बाहेरूनच ठरवावे लागते. शिवाय 'एकच प्रकारचे भांडे' कोणाला म्हणायचे, हेही पट्ट्या लिहिण्याआधी कोणीतरी ठरवलेलेच असते.

नातेसंबंधांचे गणित 1949 चे. त्या वर्षी मानववंशशास्त्राच्या एका फ्रेंच ग्रंथाला एका गणितज्ञाने परिशिष्ट जोडले आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजाचे विवाहनियम क्रमबदलांच्या भाषेत मांडले. मामाची मुलगी करण्याची रीत सोलापूरकडे घरोघरी माहीत असल्याने ते परिशिष्ट इथल्या वाचकाला फार परके वाटू नये. पण नियम कागदावर जितका कडक, तितका लग्न जमवताना नसतो, हा आक्षेप तिथेही आला आणि बरोबर होता.

हस्तलिखितांचा भाग जास्त टिकाऊ ठरला. एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्या हाती असतील, आणि त्यांच्या वंशावळीत प्रत्येक ठिकाणी दोनच फांद्या फुटतात असे धरले, तरी शक्य वंशावळी 3,44,59,425 होतात. त्यामुळे जीवशास्त्रातल्या प्रजातींचे वृक्ष काढणाऱ्या संगणकीय पद्धती इकडे आणल्या गेल्या. 1998 मध्ये चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी काव्याच्या पोथ्यांवर तसा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंढरपूरच्या वाटेवरच्या अभंगांच्या वह्यांना ही पद्धत लावायची म्हटली तर अवघड जाईल. लिहिणारा समोर एक वही ठेवतो आणि कानात दुसराच पाठ असतो. म्हणजे एका वहीला दोन आईबाप. तिथे वृक्षाचे जाळे होते.

आता कापड. 1867 मध्ये एका फ्रेंच गणितज्ञाने साटीनच्या विणीचा हिशोब मांडला. साटीनमध्ये बांधणीचा ठिपका, म्हणजे उभा-आडवा धागा एकमेकांत अडकण्याची जागा, प्रत्येक आडव्या धाग्याला ठरावीक घरे पुढे सरकतो. पाच धाग्यांच्या साटीनला 2 किंवा 3 घरांची उडी चालते, आठच्याला 3 किंवा 5 ची. सहाच्याला एकही चालत नाही: 2, 3, 4 यांचा सहाशी सामाईक विभाजक निघतो, त्यामुळे ठिपका सगळ्या धाग्यांवर पोचत नाही, आणि 1 किंवा 5 ची उडी घेतली तर साटीनऐवजी तिरक्या रेघांची वीण, म्हणजे ट्विल, पडते. सहाचे नियमित साटीन होत नाही हे विणकराला मागावर कळतेच; का होत नाही, ते या हिशोबाने सांगितले.

जॅकार्डने, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या मागाच्या यंत्रणेने, हे गणित उघडे केले, कारण तिथे नक्षी मुळातच भोक आहे किंवा नाही अशी लिहिलेली असते. भोक असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर, नसेल तर खाली. चार ताणे आणि चार बाणे, म्हणजे आडवे धागे, एवढा छोटा तुकडा घेतला तरी 65,536 रचना होतात. त्यातल्या ज्यांत एखादा धागा पूर्ण वर किंवा पूर्ण खाली तरंगत राहतो त्या बाद केल्या की 22,874 उरतात. आणि खरी भानगड इथून पुढे आहे. तुकडा पुन्हा पुन्हा येणार असल्याने सुरुवात कोणत्या धाग्यापासून केली याला अर्थ नाही. चार गुणिले चार, म्हणजे सोळा जागांवरून सुरुवात करता येते, म्हणून एकच वीण या यादीत जास्तीत जास्त सोळा वेळा आलेली असते. ती एकदाच धरली तर वेगळ्या विणी किमान 1,430. कापड फिरवलेले चालेल म्हटले की आकडा आणखी खाली येतो, आरशातले रूप आणि उलटी बाजू तीच धरली की आणखी. चारही आकडेमोडी बरोबर, आणि कितीतरी वेगळी उत्तरे.

हा निर्णय अभ्यासकांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा घेतला. सपाटीवर दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार, म्हणजे सरकवून, फिरवून किंवा आरशात धरून ती तशीच राहते का यावरून, 17 च वर्ग होतात, हे 1891 मध्ये सिद्ध झाले होते. 1930 च्या दशकात इंग्लंडमधल्या एका वस्त्रविज्ञान संशोधकाने दोन रंगांची अदलाबदल हीसुद्धा सममितीच मानून मोजले आणि दुरंगी वर्ग 46 काढले. हे काम वस्त्रोद्योगाच्या नियतकालिकात छापले गेले म्हणून गणितज्ञांच्या नजरेतून बराच काळ सुटले. कापडवाल्याने काढलेले गणित बाजूला पडते ते असे.

स्पेनमधल्या अलहंब्रा राजवाड्याच्या भिंतींवरून तर थेट भांडणच झाले. 1944 च्या एका प्रबंधात तिथे 17 पैकी सगळे वर्ग सापडले नव्हते. 1980 च्या दशकात एका गटाने 13 मोजले, दुसऱ्याने सगळे 17 असल्याचे जाहीर केले. फरशा त्याच होत्या. कोणी रंगांकडे दुर्लक्ष केले, कोणी रंग धरले. कोणी पट्टी पट्टीच्या वरून जाते की खालून हे पाहिले, कोणी सोडून दिले. काहींनी अगदी लहानशा तुकड्यावरून वर्ग ठरवला. 'मध्ययुगीन कारागिरांना सतरा वर्ग माहीत होते' असे वाक्य सहज लिहिले जाते. ते खरे की खोटे, हे मोजणाऱ्याच्या या निवडींवर अवलंबून आहे.

1988 मध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांसाठी सममितीने नक्ष्यांचे वर्गीकरण कसे करावे याचे मार्गदर्शक पुस्तक निघाले आणि कापडे, टोपल्या, मडकी यांवर ते वापरले जाऊ लागले. समाज शेकडो शक्यतांतून थोड्याच निवडतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच वापरतो, हे त्यामुळे आकड्यांत दाखवता आले, आणि ही गोष्ट लहान नाही. पण हे वर्ग न संपणाऱ्या नक्षीसाठी आहेत. चादरीला काठ असतो, मध्ये एकच मोठा मोर असू शकतो, टोकाला पट्टे असतात. सोलापूरच्या पूर्व भागात जे विणले गेले त्यातले सर्वांत ओळखीचे नमुने या चौकटीत अर्धेच बसतात. तुटून चुकीच्या जागी जोडलेला धागा सममिती मोडतो. तेव्हा वर्ग कापडाचा लावायचा की विणणाऱ्याच्या मनातल्या नक्षीचा, यावरही एकमत नाही.

माझ्या मते विणकामाच्या बाजूने विचार केला तो 1980 च्या सुमारासच्या कामाने. तिथे कापडाला दोन बाजू आहेत हे गृहीत धरून, उलटवणे हीसुद्धा एक सममिती मानली गेली. जीन्सचे कापड उलटे केले की निळ्याचे पांढरट होते आणि तिरकी रेघ दुसरीकडे झुकते. या पद्धतीत या दोन्ही बाजू मिळून एकच वीण होते. त्याच काळात आणखी एक प्रश्न सुटला. चौकटीत काळे-पांढरे भरून कागदावर केलेली रचना मागावरून उतरल्यावर एकसंध राहील, की दोन सुट्या थरांत वेगळी होईल, हे आधीच तपासण्याची रीत मिळाली. कागदावर निर्दोष दिसणाऱ्या कित्येक रचना कापडच होत नाहीत, आणि भिंतीच्या नक्षीचे वर्ग त्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

जुन्या जॅकार्ड नमुन्यांची डिजिटल नोंद करताना हाच निर्णय पुन्हा समोर येतो. बहुतेक नोंदींत सरळ बाजूचा एक फोटो आणि एक वर्ग एवढेच असते. पंचकार्डांची संपूर्ण मालिका जशी आहे तशी उतरवली तर त्यातून 17 चे वर्ग काढता येतात, 46 चे काढता येतात, उलटी बाजूही काढता येते. फोटोवरून वीण परत काढायची तर भिंग घेऊन धागे मोजावे लागतात, आणि मागच्या थरात काय चालले आहे ते तरीही दिसत नाही.