ब्रेस्ट लिफ्ट दुसऱ्यांदा करायची तर : तंत्र कसं ठरतं, याची पार्श्वभूमी

ब्रेस्ट लिफ्ट करून काही वर्षं झाली, स्तन पुन्हा ओघळले, म्हणून सोलापुरातली एखादी बाई प्लास्टिक सर्जनकडे जाते. पिशवीत सोनोग्राफीचे रिपोर्ट असतात, बिलं असतात, औषधांच्या चिठ्ठ्याही असतात. पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोट तेवढी नसते. ते ऑपरेशन पुण्यात नाहीतर हैदराबादला झालेलं. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ, ‘दोन्ही बाजूंची मास्टोपेक्सी (म्हणजे ब्रेस्ट लिफ्ट) केली’. नेटवर तिने लॉलीपॉप, अँकर, डोनट अशी नावं वाचलेली असतात आणि यातलं चांगलं कोणतं, एवढंच तिला विचारायचं असतं. सर्जनला मात्र आधी वेगळंच शोधायचं असतं : मागच्या वेळी स्तनाग्राला रक्त पुरवणारी वाट कोणत्या बाजूने राखली होती? हा प्रश्न एवढा कळीचा का, हे या शस्त्रक्रियेच्या इतिहासातूनच कळतं. आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

१७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत पडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवायचा, मग तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची, असं त्यात बारकाईने सांगितलं आहे. दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी मात्र मुद्दाम कापली नव्हती. कातडी नव्या जागी रुजेपर्यंत तिला रक्त त्या पट्टीतून मिळत राहिलं. प्लास्टिक सर्जन अशा जोडणीला पेडिकल म्हणतात. आपण देठ म्हणू.

स्तनांच्या शस्त्रक्रियेला या देठाचं महत्त्व कळायला वेळ लागला. १८९७ मध्ये फ्रान्समध्ये पूसाँ यांनी स्तनाच्या वरच्या भागातून चंद्रकोरीच्या आकाराची त्वचा व चरबी काढून स्तन छातीच्या स्नायूवरील आवरणाला टाके घालून टांगला. टांगलेलं पुन्हा खाली येणारच होतं. शिकागोच्या थोरेक यांनी १९२२ मध्ये स्तनाग्र पूर्ण सुटं करून वरच्या जागी कलमासारखं लावण्याची पद्धत मांडली. त्यात संवेदना जाते, स्तनपानाची शक्यताही संपते. तरी ती पद्धत अजून निकालात निघालेली नाही, आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तिची आठवण का निघते ते पुढे येईलच. खरी कलाटणी १९३० ची. श्वार्झमान यांनी स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा फक्त वरचा पापुद्रा काढला आणि खालचा थर शाबूत ठेवला. त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर स्तनाग्र जगतं हे दिसून आलं. त्यानंतरचं जवळजवळ प्रत्येक तंत्र याच पायावर उभं आहे.

मग आला फर्मा. १९५६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइज यांनी ब्रेसिअर बेतण्याच्या नमुन्यांवरून त्वचा कापण्याचा आराखडा तयार केला. ऑपरेशनआधी उभ्या बाईच्या छातीवर पेनने आखणी करायची आणि टेबलावर त्याच रेघांवरून कापायचं. युनिफॉर्म शिवणाऱ्या आपल्या सोलापुरात हे कुणाला समजावून सांगायला नको. यातून राहणारा व्रण म्हणजेच अँकर : एरिओलाभोवती (स्तनाग्राभोवतीच्या गडद गोलाभोवती), तिथून खाली उभा, आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या जॅक पेन यांनी स्तनांची मापं प्रसिद्ध केली होती. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत सुमारे २१ सेंटिमीटर हे माप तिथून रूढ झालं. पेन यांनी दीडशे स्त्रिया मोजल्या आणि ‘सुंदर’ म्हणून त्यातल्या वीस निवडल्या. एवढ्याशा आधारावरचं माप जगभरच्या बायकांना का लावायचं, हे मला तरी पटत नाही. उंची आणि छातीचा घेर पाहून ठरवणं जास्त शहाणपणाचं.

वाइज यांचा फर्मा त्वचेचा होता. आत देठ कुठला ठेवायचा, हा प्रश्न वेगळाच राहिला, आणि गोंधळ इथेच होतो. स्ट्रॉम्बेक यांनी १९६० मध्ये आडवा दुहेरी देठ सुचवला, मॅकिसॉक यांनी १९७२ मध्ये उभा दुहेरी. १९७५ ते १९७७ या काळात रिबेरो, रॉबिन्स, कोर्टिस आणि गोल्डविन यांच्या लेखांतून खालच्या बाजूचा देठ पुढे आला आणि अमेरिकेत तो फार रुळला. म्हणजे बाहेरून सारखाच अँकर दिसणाऱ्या दोन बायकांच्या आत देठ मात्र वेगवेगळे असू शकतात. व्रण पाहून तंत्राचा अंदाज येतो, रक्ताच्या वाटेचा येत नाही.

खालच्या देठाची एक खोड हळूहळू उघड झाली. वजन खालच्या भागातच राहतं आणि त्याला धरून ठेवायला असते ती ताणलेली त्वचा. वर्षं सरतात तशी ती सैल पडते, स्तनाचा खालचा भाग लांबतो, वरचा रिता दिसतो आणि स्तनाग्र आकाशाकडे पाहू लागतं. त्यामुळे आधार त्वचेने नव्हे, आतल्या ग्रंथीने द्यावा, हा विचार बळावला. फ्रान्सचे लासूस यांनी १९६० च्या दशकापासून उभ्या व्रणाचं तंत्र घडवलं. ब्रुसेल्सच्या मादलेन लेजूर यांनी १९९० च्या दशकात त्याला लायपोसक्शनची, म्हणजे चरबी शोषून काढण्याची, जोड दिली आणि ग्रंथीचे आतले दोन खांब एकमेकांना शिवले. कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९९ मध्ये आतल्या बाजूचा देठ घेऊन ते सोपं केलं. हेच लॉलीपॉप : व्रण एरिओलाभोवती आणि तिथून खाली उभा. डोनट म्हणजे बेनेली यांची १९९० ची पद्धत, एरिओलाभोवती नाडी ओढावी तसा गोल टाका. व्रण सर्वांत लहान, म्हणून मागणी मोठी. पण जास्त ओघळलेल्या स्तनावर ती ओढूनताणून केली तर एरिओला पसरतो आणि स्तन पुढून चपटा होतो, आणि मग त्याच्याच दुरुस्तीची वेळ येते.

दुरुस्तीत आधी नेमकं काय खाली आलंय ते पाहतात. माँट्रियलच्या पॉल रेनो या सर्जनबाईंनी १९७६ मध्ये ओघळण्याच्या पायऱ्या पाडल्या. त्यात एक प्रकार असा आहे की स्तनाग्र घडीच्या वर, योग्य जागी असतं आणि फक्त ग्रंथी खाली उतरलेली असते. पहिल्या ऑपरेशननंतर पुष्कळदा हेच घडतं. अशा वेळी स्तनाग्राला हात न लावता खालचा जादा भाग कमी करून घट्ट केला तरी काम भागतं.

स्तनाग्र पुन्हा वर न्यायचं असेल तर मात्र जपून. जुनी नोट हाती असेल तर तोच देठ राखायचा, यावर फारसा वाद नाही. नोट नसेल तिथे सर्जनांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, देठ माहीत नसताना नवा कोरणं म्हणजे उरलेली वाटही तोडण्याचा धोका. त्यापेक्षा थोरेक यांचं कलम परवडलं. दुसऱ्यांचं म्हणणं, मधल्या वर्षांत आसपासच्या ऊतींतून नव्या रक्तवाहिन्या आलेल्या असतात. स्तनाग्र थोडंच हलवायचं असेल, त्वचेखाली फार सोडवायचं नसेल आणि जादा भाग जिथे आहे तिथूनच काढला तर जुना देठ माहीत नसतानाही निभतं. मला दुसरं मत पटतं, पण ते अनुभवी हातासाठी आहे.

सर्वांत अवघड दुरुस्ती म्हणजे पहिल्या वेळी गरजेपेक्षा वर नेलेलं स्तनाग्र. ते खाली आणता येतं, पण जुन्या जागेचा व्रण वर उघडा पडतो, ब्लाऊजच्या गळ्यातून दिसेल असा. म्हणून बहुतेक सर्जन खालचा भाग आखडून उरलेला स्तन वर घेतात. आधी इम्प्लांट बसवलेलं असेल तर हिशेब आणखी बदलतो : त्याच्या वजनाने आणि दाबाने वरच्या ऊती पातळ होतात, रक्तपुरवठाही कमी होतो, आणि सगळं एकाच बैठकीत न उरकता दोन टप्प्यांत करणं बरं पडतं.

रक्ताच्या वाटेबद्दल एवढं बोलल्यावर आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला इथली बाई खरंखुरं ‘नाही’ म्हणते आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातलं निकोटिनही बारीक रक्तवाहिन्या आवळतं. एकदा कापलेल्या स्तनात त्याच वाहिन्यांवर सगळी भिस्त असते. विडी कामगारांच्या वस्तीतच मिश्री असते असं समजू नये, बंगल्यांतही असते. किमान चार आठवडे आधी बंद करा, असं सर्जन सिगारेटबद्दल सांगतात ते मिश्रीलाही लागू धरावं. शिवाय पहिल्या ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभर थांबल्याशिवाय दुरुस्तीला हात घालत नाहीत, आणि चाळिशी ओलांडली असेल तर आधी मॅमोग्राफी करून घेतात, कारण ऑपरेशनच्या खुणा पुढच्या तपासण्यांत दिसत राहतात.

राहिला कागद. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने भरती रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायची असते आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असते. स्तन पुन्हा ओघळायला तीनहून जास्त वर्षं लागू शकतात. म्हणून टाके काढायला जाल त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि डिस्चार्ज कार्डावर न थांबता ऑपरेशन नोटची प्रत मागा : देठ कोणत्या बाजूचा, प्रत्येक बाजूने किती ग्रॅम काढलं, स्तनाग्र किती सेंटिमीटर वर नेलं.