राउटर उन्हानं गेलेला नाही

नागपुरात मे महिन्यात नवा राउटर केबल मोडेमला जोडला आणि नेट आलं नाही, की ‘उन्हानं गेला’ असा निकाल लागतो. मग त्याला कूलरसमोर ठेवतात. दमट हवा उलट वाईटच. बहुधा कारण वेगळं असतं. अनेक केबल मोडेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) धरून बसतात. आधी लॅपटॉप लावला असेल तर राउटरला आयपी (नेटवरचा पत्ता) मिळत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन (बाहेरच्या नेटच्या बाजूचा) आयपी ०.०.०.० दिसतो.

मोडेमची वीज काढा, आत बॅटरी असेल तर तीही. २ मिनिटं थांबा. मोडेमकडून आलेली वायर राउटरच्या वॅन पोर्टात लावा, लॅनमध्ये (घरातल्या उपकरणांच्या पोर्टात) नव्हे. आधी मोडेम सुरू करा, ऑनलाइनचा दिवा स्थिर झाला की राउटर. तरीही अडलं, तर राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ (दुसऱ्या उपकरणाच्या मॅक पत्त्याची नक्कल) करून लॅपटॉपच्या लॅन पोर्टाचा पत्ता द्या. राउटरचं रीसेट बटण मात्र दाबू नका: त्यानं राउटरच्या सेटिंग पुसल्या जातात, मोडेमची आठवण नाही.