खड्डा, शेण आणि वाळवी

‘एका शेतकऱ्याने सहारा वाळवंट थोपवलं’ असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. शेतकरी खरा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशाच्या उत्तरेकडचे, यातेंगा भागातले याकुबा सावादोगो. १९८० च्या सुमारास दुष्काळामुळे गावं ओस पडत होती, तेव्हा त्यांनी ‘झाय’ ही खड्ड्यांची जुनी पद्धत सुधारली. २०१८ साली त्यांना ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण तिथे वाळू चाल करून येत नव्हतीच. जमीन जागच्या जागी मेली होती, आणि तिला मारण्यात पावसाचाही हात होता.

उघड्या रानावर थेंब आपटला की मातीचे कण फुटतात. बारीक चिकणमाती छिद्रांत जाऊन बसते आणि वाळली की काही मिलिमीटर जाडीची कडक पापडी धरते. मग पुढचा पाऊस मुरतच नाही, वाहून जातो.

झायचं काम कोरड्या दिवसांत, पावसाच्या कितीतरी आधी सुरू होतं. कुदळीने ही पापडी फोडून साधारण ३० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल खड्डा घ्यायचा. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८० सेंमी अंतर. निघालेली माती उताराच्या बाजूला अर्धगोल लावायची. हेक्टरी साडेपंधरा हजारांच्या आसपास खड्डे होतात.

हिशेब बघा. एका खड्ड्याच्या वाट्याला ०.६४ चौरस मीटर जमीन येते. २० मिमी पाऊस झाला तर तिच्यावर पावणेतेरा लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी वाहत आलं तरी सहा लिटरच्या वर होतं, आणि खड्ड्यात मावतं दहा लिटर. नुसत्या खड्ड्याच्या तोंडावर पडणारा पाऊस जेमतेम दीड लिटर! ६० मिमीची सर आली की मात्र खड्डे उतू जातात. म्हणून शेतात समपातळीवर दगडांच्या ओळी घालतात. पाणी थोपतं, गाळ बसतो. पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते.

खरी गंमत पुढे आहे. खड्ड्यात दोन मुठी कुजलेलं शेणखत पडलं की काडीकचरा खायला वाळवी येते. ती खालून बोगदे पोखरत जाते, आणि कुदळ पोचत नाही तिथपर्यंत पाण्याला वाट मिळते. खालची माती वर येते, खताचे तुकडे होऊन ते लवकर कुजतं. म्हणून खत उन्हाळ्यातच पडलं पाहिजे. पेरणीच्या तोंडावर टाकलं तर वाळवीला पोखरायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे वारुळात नागोबा राहतो म्हणून दूध ओततात आणि वाळवी दिसली की औषध मारतात. वारूळ बांधते ती वाळवीच, आणि नाग दूध पीत नाही.

खत ताजं असेल तर पावसाच्या उघडिपीत कोवळी रोपं करपतात. खत अजिबात नसेल तर खड्ड्यात पाणी साठतं, पण कस नसल्यामुळे ज्वारी खुरटते. फार पावसाच्या वर्षी खड्डे तुंबतात. ज्वारी ते सोसते, बाजरी पिवळी पडते. रेताड जमिनीत हा उद्योग करूच नये, काठ ढासळून खड्डे बुजतात.

आणि खत पुरवायचं कुठून? खड्ड्याला ३०० ग्रॅम धरलं तरी हेक्टरी पावणेपाच टन लागतं. ज्याच्याकडे गुरं नाहीत त्याचं घोडं इथेच अडतं. शेणाबरोबर झाडांच्या बियाही येतात आणि याच खड्ड्यांत रुजतात. सावादोगोंनी ती रोपं उपटली नाहीत, राखली. त्यातूनच पुढे वीस हेक्टरांहून मोठं जंगल उभं राहिलं.