अलियान्झ अरीना

जर्मनीतील म्युनिक शहराच्या उत्तर टोकाला, फ्र्योटमानिंग भागात असलेले फुटबॉल स्टेडियम. बायर्न म्युनिक क्लबचे हे घरचे मैदान. देशांतर्गत सामन्यांना येथे ७५ हजार प्रेक्षक मावतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०२२ पर्यंत उभे राहून सामना पाहता येत नसे. उभ्या प्रेक्षकांच्या जागी खुर्च्या बसवल्या की हा आकडा सुमारे ७० हजारांवर येतो.

बायर्न आणि टीएसव्ही १८६० म्युनिक हे शहरातले दोन्ही क्लब पूर्वी १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमवर खेळत. त्याचे तंबूसारखे छत जगप्रसिद्ध असले, तरी फुटबॉलसाठी ते गैरसोयीचेच होते : मैदानाभोवतीच्या शर्यतींच्या धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब पडत आणि बरीच आसने उघड्यावर होती. ऑक्टोबर २००१ मध्ये म्युनिककरांचे सार्वमत घेतले गेले आणि जवळजवळ दोन तृतीयांश मते नव्या स्टेडियमच्या बाजूने पडली. बांधकामाचा खर्च क्लबांनी आणि रस्ते, मेट्रो यांचा सरकारी यंत्रणांनी उचलावा, अशी विभागणी होती. सुमारे ३४ कोटी युरो खर्चून स्टेडियम मे २००५ मध्ये खुले झाले. मधल्या काळात बांधकाम कंत्राटातील लाचखोरीचे प्रकरण गाजले व टीएसव्ही १८६० क्लबच्या तत्कालीन अध्यक्षांच्या मुलाला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

स्वित्झर्लंडमधील बाझलच्या हेर्त्सोग आणि द म्यूरॉन या वास्तुरचनाकारांनी येथे धावपट्टीला जागाच ठेवली नाही. तीन मजली प्रेक्षागार वर जाताना अधिकाधिक उभे होत जाते, त्यामुळे वरच्या रांगेतूनही मैदान थेट खाली दिसते. खरी करामत मात्र बाहेरच्या आवरणात आहे. ईटीएफई नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, जेमतेम ०.२ मिमी जाडीच्या पापुद्र्यांपासून बनवलेल्या २,७०० हून अधिक समभुज चौकोनी उशांनी भिंती आणि छत मढवले आहे. पंख्यांनी कोरडी हवा सतत भरून त्या फुगत्या ठेवतात. काचेच्या मानाने हे आवरण फारच हलके असते. म्युनिककर स्टेडियमला चेष्टेने ‘रबरी होडी’ म्हणतात. लांबून पाहिले तर उपमा चपखल वाटते.

या उशा आतून उजळतात. बायर्नचा सामना असला की लाल, १८६० चा असला की निळा, राष्ट्रीय संघाचा असला की पांढरा प्रकाश, असा रिवाज पडला. एकाच घरात दोन भाडेकरू असावेत आणि आज कोण घरी आहे ते दिव्यावरून कळावे, तसे. पण १८६० क्लबला आर्थिक ओढाताणीमुळे २००६ मध्ये स्टेडियममधला आपला निम्मा हिस्सा बायर्नला विकावा लागला, आणि २०१७ मध्ये हा क्लब ग्र्युनवाल्डर रस्त्यावरच्या आपल्या जुन्या मैदानावर परतला.

२००६ च्या विश्वचषकाचा सलामीचा सामना (जर्मनी ४, कोस्टा रिका २) आणि २०१२ व २०२५ चे चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब-स्पर्धेचे अंतिम सामने येथे झाले. अशा स्पर्धांत प्रायोजकाचे (येथे अलियान्झ या विमा कंपनीचे) नाव चालत नसल्याने तेव्हा स्टेडियमचे नावही बदलते. जून २०२१ मध्ये जर्मनी–हंगेरी सामन्यासाठी इंद्रधनुषी (समलैंगिकांच्या हक्कांचे प्रतीक असलेली) रोषणाई करू द्यावी, अशी विनंती म्युनिक शहराने केली होती. अल्पवयीनांना समलैंगिकतेविषयीची माहिती देण्यावर बंधने घालणाऱ्या हंगेरीच्या संसदेच्या निर्णयाशी तिचा राजकीय संबंध असल्याचे सांगून यूएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघाने) ती नाकारली.