रंगवलेली बातमी आणि रचलेली बातमी

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात इंग्रजांविरुद्ध जे काही छापलं गेलं, ते सगळं आपण 'प्रचार' म्हणून एकाच खात्यात टाकतो. पण त्यात दोन जाती होत्या, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिली बॉस्टनची. 5 मार्च 1770 च्या रात्री किंग स्ट्रीटवर ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्यात पाच माणसं गेली. 'बॉस्टन गॅझेट'ने शवपेट्यांची चित्रं घालून बातमी दिली आणि तीन आठवड्यांत बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर याचं या गोळीबाराचं चित्र विक्रीला आलं. ते चित्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. शिपायांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय, शिपाई एका रांगेत गोळ्या झाडताहेत, समोरची माणसं बिचारी निःशस्त्र. शिपायांवर फेकलेले बर्फाचे गोळे आणि सोटे कुठेच नाहीत. जकात कचेरीवर पाटी मात्र आहे, 'खाटीकखाना'! अशी पाटी तिथे कधीच नव्हती. मूळ चित्रही हेन्री पेलमचं, रिव्हिअरने त्याला न विचारता उचललेलं.

ही रंगवलेली बातमी. घटना खरी होती, म्हणून ती तपासता तरी आली. त्याच वर्षी खटले चालले. स्वतः इंग्रजविरोधी असलेल्या जॉन ॲडम्सने आरोपींचं वकीलपत्र घेतलं. प्रेस्टन सुटला, आठपैकी सहा शिपाई सुटले, दोघांच्या अंगठ्यावर शिक्षा म्हणून डाग दिला गेला. पण निकाल लागेपर्यंत चित्राने आपलं काम केलं होतं.

दुसरी अमेरिकेचा फ्रान्समधला दूत बेंजामिन फ्रँकलिन याची, 1782 सालची. पॅरिसजवळ पासीला त्याचा स्वतःचा छापखाना होता. तिथे त्याने बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राची खोटी पुरवणी छापली. मजकूर काय, तर सेनेका या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी बायकापोरांसकट शेकडो वसाहतवाल्यांच्या डोक्याची कातडी सोलून, गठ्ठे बांधून, कॅनडाच्या इंग्रज गव्हर्नरकडे पाठवली. ते गठ्ठे अस्तित्वातच नव्हते. संशय येऊ नये म्हणून जमीन विक्रीच्या, हरवलेल्या घोड्याच्या जाहिरातीही घातल्या. तहाची बोलणी सुरू होती आणि इंग्लंडचं जनमत वळवायचं होतं.

मला ही रचलेली बातमी कितीतरी जास्त घातक वाटते. जे घडलंच नाही त्याचा साक्षीदार कुठून आणणार? सेनेकांमधले बरेच जण इंग्रजांच्या बाजूने लढले हे खरं, पण हा आरोप खोडायला त्यांच्या हाती वर्तमानपत्र नव्हतं. युद्ध संपून कित्येक वर्षं उलटल्यावरही अमेरिकेतली वर्तमानपत्रं तोच मजकूर खरा समजून पुन्हा छापत होती.